सुबाभूळ काढताय? आधी शेजारचा मोगरा बघा

परवा मैत्रिणीचा फोन आला. नवीन रो हाऊस घेतलंय, मागे पंधरा बाय वीसचं अंगण आहे, आधीच्या मालकांनी हौसेने लावलेला मोगरा, अनंत, कढीपत्ता सगळं आहे, आणि मधोमध "चिंचेसारख्या पानांचं कसलं तरी" झाड उभं आहे ज्याच्या शेंगांचा कचरा रोज दोनदा झाडावा लागतो. माळी म्हणतोय अर्ध्या तासात पाडून देतो. मी म्हटलं थांब, त्याला चहा पाज आणि घरी पाठव, आणि मला आधी शेंगांचा फोटो पाठव.

हे मी एवढ्या अधिकाराने सांगते कारण आमच्या तळेगावच्या घरामागे मी हीच अर्ध्या तासाची कामगिरी करून पुढची तीन वर्षं निस्तरत बसले होते. त्यामुळे जे नव्याने बागेत हात घालतायत त्यांच्यासाठी सगळं एकदा नीट लिहून काढते. झाड पाडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो. बुडखा परत फुटू न देणं, जमिनीत पडलेल्या बियांना पुरून उरणं, आणि हे सगळं होताना आजूबाजूची झाडं जिवंत ठेवणं, खरं काम ते आहे.

आधी खात्री करा की ती सुबाभूळच आहे

सुबाभळीला काटे नसतात. नावात बाभूळ आहे पण बाभळीचे पांढरे लांब काटे, पिवळी फुलं, मण्यांच्या माळेसारखी शेंग यातलं हिला काही नाही. पानं बारीक, पिसासारखी, संध्याकाळी मिटणारी. फूल म्हणजे पांढरट गोल गोंडा, सुपारीपेक्षा थोडा मोठा. शेंगा चपट्या, वीतभर किंवा जरा कमी, घोसाने लटकलेल्या, आधी हिरव्या मग तपकिरी, आणि एकेका शेंगेत पंधरा-वीस चकचकीत तपकिरी बिया. लहानपणी कोणाच्या घरी त्या बिया ओवून केलेली पर्स किंवा माळ बघितली असेल तर त्याच या बिया.

गोंधळ होतो तो शिरीषाशी आणि गुलमोहराच्या रोपांशी. शिरीषाची शेंग रुंद आणि वाळली की पिवळसर, वाऱ्यावर खुळखुळणारी, गुलमोहराची तर लाकडी तलवारच असते. मोठ्या झाडात चूक होत नाही, रोपांमध्ये मात्र हमखास होते कारण चिंच, गुलमोहर, आवळा, सुबाभूळ ही सगळी वीतभर उंचीची असताना एका आईची लेकरं वाटतात. मैत्रिणीच्या फोटोत झाड सुबाभूळच निघालं पण कंपाउंडच्या कोपऱ्यात माळीबुवा जे "त्याचंच पिल्लू" म्हणून उपटणार होते ते आवळ्याचं रोप होतं! तेव्हा ज्या रोपाबद्दल शंका आहे त्याला लाल सुतळी बांधा आणि दोन महिने थांबा, काही बिघडत नाही.

आता हिच्यावर एवढा राग का. ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, तिकडे हिच्या कोवळ्या शेंगा आणि बिया लोक खातात, ओआहाका या शहराच्या नावातसुद्धा हे झाड आहे. आपल्याकडे सत्तरच्या दशकात चारा आणि सरपणासाठी हिचा मोठा प्रचार झाला, उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने, म्हणजे मणिभाई देसाईंच्या संस्थेने, दुधाळ जनावरांसाठी भरभर वाढणारा पाला म्हणून ती शेतकऱ्यांपर्यंत नेली. हेतू चांगलाच होता आणि कोरडवाहू भागात तिने कामही केलंय, ते नाकारायचं कारण नाही. पण जे झाड वर्षभरात डोक्यावर जातं, वर्षाच्या आतच फुलतं आणि मग जवळजवळ बारा महिने शेंगा धरतं, ते अंगणात आलं की सुबाभळीची कुबाभूळ होते. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींची जी यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने काढली त्यात आपली घाणेरी आणि रानमोडी आहे तशी हीसुद्धा आहे.

परवानगीचं काय

कंटाळवाणा भाग आहे पण टाळू नका. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा लागू आहे आणि झाड तुमच्या स्वतःच्या अंगणात असलं, परकं असलं, नकोसं असलं तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. बऱ्याच जणांना वाटतं की नुसती साल सोलून ठेवली, झाड आपोआप वाळलं, मग कोण विचारतंय. तर त्या कायद्यात झाड तोडणं याच्या व्याख्येत जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही धरलंय. अर्जासोबत झाडाचे फोटो, बुंध्याचा घेर, काढायचं कारण असं लागतं, आणि कारणात "कचरा होतो" यापेक्षा "परदेशी आक्रमक प्रजाती, भिंतीला लागून वाढलेली, बदल्यात अमुक देशी झाड लावणार" असं लिहिलंत तर ते जास्त खरंही आहे आणि वजनदारही.

गावाकडे १९६४ चा वेगळा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, खैर अशी सोळा झाडं आहेत आणि सुबाभूळ त्यात नाही, तरी लाकूड बाहेर न्यायचं असेल तर तलाठी किंवा वनखात्याकडे एकदा तोंडी विचारून घ्या. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे. हाताने उपटता येणारी रोपं मात्र खुशाल उपटा.

कधी काढायचं

लोक झाडं काढतात उन्हाळ्यात, कारण सुट्टी असते आणि जमीन कोरडी असते. सुबाभळीसाठी हे चूक. एक तर तेव्हा जमीन दगड झालेली असते, आणि दुसरं म्हणजे तिच्या सावलीत वाढलेली झाडं एका दिवसात एप्रिलच्या उन्हात उघडी पडतात. आमच्याकडे ब्रह्मकमळाच्या दोन कुंड्या होत्या, सासूबाईंनी तेरा वर्षं जपलेल्या. झाड गेलं शनिवारी, मंगळवारी ब्रह्मकमळाची पानं पिवळी आणि शुक्रवारी त्यावर भाजल्यासारखे पांढरे चट्टे. आई काही बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

तेव्हा असं करा. जूनच्या अखेरीला किंवा जुलैत, ढगाळ दिवस सुरू झाले की झाडाच्या साधारण एक तृतीयांश फांद्या काढा, त्याही दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या नकोत, आधी पूर्वेच्या, म्हणजे खालच्या झाडांना सकाळचं कोवळं ऊन मिळायला लागेल. दोन-तीन आठवड्यांनी अजून एक तृतीयांश. मग ऑगस्टात चांगली दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की उरलेलं. ओल्या खोडावर कोणाला चढवू नका, पावसात तर नाहीच, पाय घसरला तर आपल्या मोगऱ्यापेक्षा माणूस महत्त्वाचा. ऑक्टोबर हीटपर्यंत खालच्या झाडांना दोन महिने मिळतात आणि ती नवीन पानं उन्हाच्या हिशोबानेच काढतात. जी फारच सावलीतली आहेत, फर्न, ब्रह्मकमळ, अळू, त्यांच्यावर पहिला ऑक्टोबर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट चार बांबूंवर ताणून ठेवा.

(मोगऱ्याची काळजी या बाबतीत करू नका, त्याला ऊनच हवं असतं. सुबाभूळ गेल्यावर आमचा मोगरा पुढच्या चैत्रात असा काही फुलला की शेजारी विचारायला आले काय खत घातलं.)

अजून एक बघायचं ते घरटं. पावसाच्या तोंडावर बुलबुल, शिंजीर, कधी कावळासुद्धा वर बसलेला असतो. घरटं चालू असेल तर थांबा, महिन्याभरात पिल्लं उडून जातात.

आजूबाजूची तयारी

कुंड्या हलवा, हे सांगायला नको. जमिनीतल्या झाडांसाठी थोडी मेहनत आहे. जास्वंद, अनंत अशा पसरलेल्या झुडपांच्या फांद्या आत ओढून सुतळीने सैल बांधून घ्या, साडी नेसवल्यासारखं खालून वर गुंडाळत जायचं, गच्च आवळायचं नाही. मोगऱ्यासारख्या बुटक्या झाडांवर तीन जाड बांबूंची तिकाटणी उभी करून वर दुहेरी गोणपाट टाका, बारीक फांदी पडली तर त्यावरून घसरून जाते. जाड फांदी गोणपाटाला जुमानत नाही, म्हणून जाड फांद्या पडू द्यायच्याच नाहीत, दोराने उतरवायच्या, ते पुढे येतंच.

आणि पायाखाली फळ्या टाका. याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पावसाळ्यातल्या ओल्या मातीवर तीन माणसं दिवसभर नाचली की माती दाबून विटेसारखी होते आणि मग "झाड तर नीट काढलं, कढीपत्ता का मलूल झाला" असा प्रश्न पडतो. जुन्या दाराची फळी, प्लायचे तुकडे, काहीही चालेल, वजन पसरलं पाहिजे.

शेंगा. तपकिरी वाळलेल्या शेंगा झाडावर असतील तर कापायच्या आधी त्या घोसाने सिकेटरने, म्हणजे बागकामाच्या कात्रीने, काढून पोत्यात भरा, जिथे हात पोचेल तिथपर्यंत तरी. खाली जुन्या चादरी अंथरा. कारण फांदी आपटली की शेंग फुटते, बिया उडतात, आणि प्रत्येक बी मातीत वर्षानुवर्षं वाट बघत बसू शकते, दहा वर्षंसुद्धा. हिरव्या शेंगांची एवढी भीती नाही.

वरून खाली

झाड एका घावात आडवं करायचं नाही, अंगणात ते आडवं व्हायला जागाच नसते. वरून एकेक फांदी. जाड फांदीला आधी दोर बांधायचा, तो वरच्या एखाद्या मजबूत बेचक्यातून घेऊन खाली एकाने धरायचा, मग वरचा कापतो आणि खालचा हळूहळू सोडतो. फांदी कापताना आधी खालच्या बाजूने थोडा काप घ्या, एक तृतीयांश खोल, आणि मग वरून जरा पुढे कापा. नाहीतर फांदी अर्धी कापली गेली की स्वतःच्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल सोलत खाली येते, थेट कुणाच्या तरी डोक्यावर. हाताच्या मनगटाएवढ्या जाडीपर्यंत हातकरवत आणि कोयता पुरतो. दोन मजली घरापेक्षा उंच गेलेलं झाड, वायरींच्या जवळचं झाड, शेजाऱ्याच्या पत्र्यावर झुकलेलं झाड यासाठी मात्र झाडं उतरवणारी अनुभवी माणसंच बोलवा, आणि वायर असेल तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही.

त्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा की बुंधा कमरेएवढा ठेवून थांबायचं. ते म्हणतील ताई पूर्ण काढून देतो ना, जेसीबीवाला ओळखीचा आहे. नको म्हणा. का ते सांगते.

बुडखा, म्हणजे खरी लढाई

माझी पहिली चूक हीच होती. झाड कमरेपर्यंत कापलं, छान सपाट केलं, वर कुंडी ठेवू म्हटलं, आणि विसरले. पंधरा दिवसांत त्या खुंटावर चारी बाजूंनी धुमारे आले, मी मोजले होते, तेवीस. दिवाळीपर्यंत एका खोडाची झुडपी झाली होती आणि तिला फुलं लागलेली. सुबाभळीला तोडणं म्हणजे तिच्या भाषेत चाऱ्यासाठी छाटणं, ती त्यासाठीच तर लावली जायची.

मग लोकांचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं खुंटाला भोक पाडून हिंग भर. भरला. हिंगाने आपलं पोट साफ राहतं तसं तिचंही राहिलं असावं, धुमारे जोमात. कोणी म्हणालं खडे मीठ. तेही दोन किलो ओतलं, आणि याचा मला अजून पश्चात्ताप आहे, कारण पावसाने ते मीठ विरघळून मातीत पसरलं आणि सुबाभळीला काही झालं नाही पण तीन फुटांवरच्या कढीपत्त्याच्या पानांची टोकं करपायला लागली. माती खरवडून काढली, भरपूर पाणी सोडलं, तेव्हा तो वाचला. डिझेल, रॉकेल, अॅसिड यांची तीच कथा, माती मरते आणि नको ते झाड टिकतं. तणनाशकाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनीच वापरायचं असं बंधन घातलंय, म्हणजे आपण दुकानातून आणून ब्रशने लावायचा विषय तिथेच संपतो. आणि तसंही, जिथे मोगऱ्याची पानं बुंध्याला घासतायत तिथे वाऱ्याने उडालेला एक फवारा पुरेसा असतो.

आता जेसीबी. सुबाभळीचं सोटमूळ सरळ खोल जातं आणि आडवी मुळं आजूबाजूच्या झाडांच्या मुळांत विणलेली असतात. मशीनने बुडखा उपसला की त्याच्यासोबत अनंताची अर्धी मुळं वर येतात, घराच्या पायाशी असेल तर फरशी उचलते, आणि आत येताना कंपाउंडचा तुकडा जातो तो वेगळाच. एवढं करायची मुळात गरजच नाही. कारण सुबाभूळ लांबच्या मुळांतून फुटत नाही. ती फुटते बुंध्याच्या तळापासून, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्या मानेपासून. मान काढली की खालचं मूळ मातीत गपगुमान कुजून जातं. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

तर कृती अशी. आदल्या संध्याकाळी बुंध्याभोवती पाणी सोडा, पाऊस झाला असेल तर सोडायला नको. सकाळी बुंध्याभोवती साधारण फूटभर रुंदीचा खड्डा खुरप्याने आणि हाताने उकरत जा. टिकाव, कुदळ फक्त जिथे दुसरं झाड नाही त्या बाजूला. मोगऱ्याच्या बाजूला खड्डा अरुंद ठेवा, दुसऱ्या बाजूला ऐसपैस करा म्हणजे करवत चालवायला जागा मिळेल. मुळं दिसायला लागली की लगेच कापायचं नाही, प्रत्येक मूळ बोटाने चाचपत बुंध्यापर्यंत न्यायचं. बुंध्याला जोडलेलं आहे म्हणजे सुबाभळीचं, कापा. बुंध्याजवळून नुसतं निघून गेलंय म्हणजे शेजाऱ्याचं, त्याला बाजूला सारा, ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा आणि काम झाल्यावर परत मातीखाली घ्या. वेळखाऊ आहे, मान्य, पण चहा घेत करायचं काम आहे.

आडवी मुळं करवतीने किंवा सिकेटरने स्वच्छ कापायची, ओढून तोडायची नाहीत, ओढलं की त्यात गुंतलेलं दुसरं मूळ तुटतं. जमिनीखाली वीतभर खोल गेलात की फक्त सोटमूळ उरतं, गाजरासारखं. आता ते कमरेएवढं ठेवलेलं खोड कामाला येतं. तोच दांडा. एकाने खोड एका बाजूला रेटायचं, दुसऱ्याने ताणलेल्या बाजूने सोटमूळ कापायचं, मग उलट बाजूला रेटायचं. मांडीएवढ्या जाडीचा बुंधा दोन माणसांना अर्ध्या दिवसात निघतो. करवतीच्या पात्याला माती लागून ते बोथट होतं, म्हणून जुनी करवत वापरा, नवीन वाया घालवू नका. कापलेली जागा जमिनीखाली किमान वीतभर हवी, वर नुसतं चार बोटं खोल कापलंत तर मान शिल्लक राहते आणि पावसाळ्यात हिरवा कोंब तुम्हाला टुकटुक माकड करतो.

खड्डा त्याच मातीने भरा, थोडं शेणखत मिसळा, पाण्याने बसवा, आणि ज्या झाडांची मुळं दुखावली गेली असतील त्यांची वरून थोडी छाटणी करा म्हणजे कमी मुळांवर जास्त पानांचा बोजा येत नाही. पुढचे पंधरा दिवस त्यांना रासायनिक खत अजिबात नको, फक्त पाणी.

बुंधा मांडीपेक्षा जाड असेल, किंवा भिंतीला एवढा चिकटलेला असेल की खणता येत नाही, तर दुसरा मार्ग. जमिनीलगत सपाट कापा, त्यावर जाड काळा प्लॅस्टिक कागद दुहेरी करून टाका, कडा बुडख्याच्या बाहेर दोन फूट येतील एवढा, कडांवर विटा आणि माती. ऊन नाही तर अन्न नाही. दर पंधरा दिवसांनी कागद उचलून आलेले फिकट पिवळे कोंब बोटाने मुळाशी मोडायचे, कात्रीने नाही, कात्रीने कापलं की खालचा डोळा शिल्लक राहतो. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा. मुळातला साठा संपेपर्यंत हे करायचं, सहा महिने धरून चाला, वर्षही लागेल, आणि एक महिना चुकलात तर तिने परत पानं काढून साठा भरलेला असतो. कागदाखालची जागा दोन फुटांची आहे म्हणून कडेचं पाणी आजूबाजूच्या झाडांना मिळतंय ना तेवढं बघा.

निघालेल्या मालाचं काय करायचं

कोवळा पाला सोनं आहे, नत्राने भरलेला. शेंगा वेगळ्या काढून पाला झाडांच्या बुडाशी पसरा किंवा कंपोस्टमध्ये घाला. गावात शेळ्या असतील तर त्यांना आवडतो, पण इतर चाऱ्यात मिसळून, एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शापर्यंत ठीक. घोडा, गाढव आणि घरातला ससा यांना मात्र देऊ नका, पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्याने त्यांचे केस गळतात आणि तब्येत बिघडते.

बिया आणि पिकलेल्या शेंगा कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत. नर्सरीवाले ही बी पेरण्याआधी गरम पाण्यात भिजवतात कारण तिचं कवच कडक असतं आणि ऊब लागली की ती जागी होते. म्हणजे आपला घरगुती कोमट कंपोस्ट तिच्यासाठी गजराचं घड्याळ. मी जुन्या पातेल्यात चुलीवर चांगलं पंधरा-वीस मिनिटं खळाखळा उकळते आणि मग टाकते, सासूबाई म्हणतात उसळ कधी वाढतेस.

वाळलेल्या काटक्या घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून छान. तुमचं झाड गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी असेल तर मात्र ओल्या काठ्या जमिनीत खोचू नका, ती काठीला काठी लागते आणि एका झाडाची दहा झालेली असतात.

मग पिल्लं येतात

सावली गेली, माती उघडी पडली, ऊन पोचलं, की जमिनीत झोपलेल्या सगळ्या बिया एकदम उठतात. पहिल्या पावसात आमच्या अंगणात हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं झालं होतं, घाबरून जाऊ नका, हे होणारच आहे आणि एका अर्थी चांगलं आहे, जेवढ्या उगवल्या तेवढ्या साठ्यातून कमी झाल्या.

उपटायची वेळ म्हणजे पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, रोप बोटभर ते वीतभर असताना. अंगठा आणि तर्जनीने अगदी मातीलगत धरायचं आणि सरळ वर, न पिळता, सावकाश. नीट आलं तर खाली पांढरं सोटमूळ रोपाच्या उंचीएवढं किंवा जास्तच लांब दिसतं. टचकन मोडलं तर खालून परत फुटणार, म्हणून तिथे खुरप्याचं टोक घालून मूळ उचकटा. मोगऱ्याच्या बुडातून आलेलं रोप उपटताना दुसऱ्या हाताची बोटं मोगऱ्याच्या खोडाभोवती माती दाबून ठेवा, नाहीतर त्याची बारीक मुळं सोबत येतात. गुडघ्याच्या वर गेलेलं रोप हाताने येत नाही, त्याला पहार लागते, म्हणून आळस नको. पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला, दुसऱ्यात पंधरा दिवसांनी, तिसऱ्यात सहज चालता चालता दिसलं की.

मोकळ्या मातीवर वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट असं चार बोटं जाड आच्छादन टाका, बरीचशी पिल्लं त्याखालीच दमतात. झाडांच्या खोडाला मात्र आच्छादन टेकवू नका, दोन बोटं मोकळं ठेवा, बुड कुजतं.

रिकामी जागा रिकामी ठेवायची नाही, नाहीतर सुबाभूळ नाही आली तर घाणेरी येते. जागा मोठी असेल तर तामण लावा, आपल्या राज्याचं फूल आहे आणि उन्हाळ्यात जांभळं दिसतं, किंवा बहावा. लहान अंगणात पारिजातक किंवा कांचन. नवीन रोप जुन्या बुडख्याच्या खड्ड्यात लावू नका, खालचं मूळ कुजत जातं तशी माती खचते आणि रोप तिरकं होतं, दोन-तीन फूट बाजूला घ्या. मैत्रिणीने पारिजातक आणलाय, कुंडीतच ठेवलाय सध्या, कारण तिच्या परवानगीचा कागद अजून आलेला नाही आणि मोगऱ्यावरचं गोणपाट माळीबुवांनी अंगणात वाळत घातलंय.